हिरवे बटण सर्वांत शेवटी : फोटोकॉपी यंत्रावर अनेक पानांचे काम बिनचूक कसे करावे

एका कागदाची एक प्रत काढणे कोणालाही जमते. घोटाळा होतो तो पाठपोट छापलेल्या जाडजूड अहवालाचे पंचवीस संच काढायची वेळ येते तेव्हा. कुठे मागची बाजू उलटी छापली जाते, कुठे मधलेच एक पान गळते, कुठे प्रत्येक प्रतीवर वरपासून खालपर्यंत काळी रेघ उमटते, आणि हे सारे ध्यानात येते शेवटचा संच हाती आल्यावर. यातील बहुतेक चुका यंत्राच्या नसतात, क्रमाच्या असतात. मूळ प्रत तपासण्यापूर्वीच ती फीडरमध्ये, म्हणजे मूळ कागद एकेक करून आपोआप ओढणाऱ्या भागात, जाते, कागद मोजण्यापूर्वीच संख्या टाकली जाते आणि मूळ प्रत कशी आहे हे यंत्राला सांगण्यापूर्वीच हिरवे बटण दाबले जाते. म्हणून पुढील टप्पे दिलेल्या क्रमानेच पार पाडावेत. उदाहरणादाखल एकच काम समोर ठेवले आहे : ए४ आकाराचा, पाठपोट छापलेला, ४० पृष्ठांचा म्हणजे २० कागदांचा अहवाल, आणि त्याचे २५ संच.

टप्पा १ : मूळ प्रत तयार करणे

सर्वप्रथम स्टेपलच्या पिना पिन काढण्याच्या चिमट्याने काढाव्यात. कागद ओढून पिन तोडली, तर कोपरा फाटतो आणि फाटलेला कोपरा फीडरच्या रबरी रोलरमध्ये हमखास अडकतो. राहून गेलेली पिन त्याहून वाईट, कारण ती फीडरखालच्या काचेवर ओरखडा पाडते आणि तो ओरखडा त्यानंतरच्या प्रत्येक प्रतीवर रेघ होऊन उमटतो. चिकटपट्टीचे सुटलेले टोक, खूणचिठ्ठ्या, डिंकाचा ओला डाग, न वाळलेली पांढरी खोडशाई हे सर्वही आधी पाहून घ्यावे.

दुमडलेले कोपरे सरळ करावेत. घडी घातलेला कागद असेल, तर घडी उलट बाजूने दाबून सपाट करावी. नंतर सर्व कागद एकदा मोजावेत आणि पृष्ठक्रमांक सलग आहेत ना, हेही पाहावे. ही मोजणी पुढे नमुना तपासताना उपयोगी पडते, म्हणून ती मनात न ठेवता कागदाच्या तुकड्यावर लिहून ठेवणे बरे.

यानंतर प्रत्येक कागद फीडरमधून जाण्याजोगा आहे का, हे ठरवावे. बहुतेक कार्यालयीन फीडर दर चौरस मीटरला सुमारे ५० ते १२८ ग्रॅम वजनाचा कागद घेतात. त्याहून पातळ कागद, फाटका किंवा जीर्ण कागद, छायाचित्र, पावतीचा उष्णतेने छापला जाणारा गुळगुळीत कागद आणि पुठ्ठा यांची प्रत काचेवर ठेवूनच काढावी. वीस कागदांतील एकच असा असेल, तरी त्याला वेगळे काढण्याचे कष्ट घ्यावेत, नाहीतर त्या एकापायी बाकीचे एकोणीस मधेच थांबतात.

शक्य असेल तेथे मूळ छापील प्रतच वापरावी. प्रतीची प्रत काढत गेल्यास बारीक रेषा तुटतात आणि जाड रेषा फुगतात. देवनागरी मजकुरात याचा पहिला फटका अनुस्वाराला आणि अक्षरापाशी बारीक निघणाऱ्या मात्रांना बसतो. तिसऱ्या पिढीच्या प्रतीत धुळीचा ठिपका कोणता आणि अनुस्वार कोणता, हे सांगणे कठीण होते, आणि आकड्यांतील दशांशचिन्हाचेही तेच होते.

*तपासणी :* कागदांची संख्या लिहिली आहे, एकही पिन शिल्लक नाही, एकाही कागदाला चिकट भाग नाही.

टप्पा २ : काच, आणि शेजारची अरुंद पट्टी

झाकण उघडल्यावर दिसणारी मोठी काच सर्वजण पुसतात. तिच्या एका कडेला सुमारे बोटभर रुंदीची दुसरी काच असते, तिच्याकडे मात्र कोणाचे लक्ष जात नाही. फीडरमधून जाणारा कागद मोठ्या काचेवर येतच नाही. तो या अरुंद पट्टीवरून सरकतो आणि प्रकाशाचा डोळा एका जागी थांबून त्याला वाचतो. त्यामुळे पट्टीवर खोडशाईचा एक कण चिकटला असला, तरी तो प्रत्येक पानाच्या प्रत्येक ओळीत वाचला जातो आणि कणाची रेघ होते. मोठ्या काचेवरचा तसाच कण फक्त ठिपका म्हणून दिसतो. प्रतीवरील डागाचे मूळ शोधण्याची सारी रीत या एका फरकावर उभी आहे.

डाग दिसल्यास पुढील क्रमाने शोध घ्यावा.

१. तेच पान एकदा फीडरमधून आणि एकदा मोठ्या काचेवरून काढावे. रेघ फक्त फीडरच्या प्रतीवर आली, तर दोष अरुंद पट्टीवर आहे. एकाच जागी ठिपका फक्त काचेवरच्या प्रतीवर आला, तर दोष मोठ्या काचेवर किंवा झाकणाच्या पांढऱ्या आतल्या बाजूवर आहे.

२. डाग दोन्ही प्रतींवर आला, तर संगणकावरून कोणतेही पान छापून पाहावे. या कामात वाचणाऱ्या काचांचा संबंधच येत नसल्याने, डाग तेथेही दिसला तर दोष छापणाऱ्या भागात आहे, आणि मग काचा कितीही पुसल्या तरी उपयोग नाही.

३. छापणाऱ्या भागातील डाग पानावर ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा येत असेल, तर ते अंतर मोजावे. ड्रम (ज्यावर पानाची प्रतिमा तयार होते तो फिरता दंडगोल) किंवा रोलर एक फेरी पूर्ण करतो तेव्हा त्यावरचा तोच दोष पुन्हा कागदावर उमटतो, म्हणून हे अंतर त्या भागाच्या परिघाइतके असते. उदाहरणार्थ, ३० मिलिमीटर व्यासाच्या ड्रमवरील ओरखडा सुमारे ९४ मिलिमीटर अंतराने दिसेल. दुरुस्ती करणाऱ्याला "डाग पडतो" एवढेच सांगण्यापेक्षा हे माप सांगितले, तर त्याचा अर्धा वेळ वाचतो.

काच पुसण्यासाठी मऊ, धागे न सोडणारे कापड पाण्याने किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोलने किंचित ओले करावे. द्रव कापडावर घ्यावा, काचेवर कधीही ओतू अथवा फवारू नये, कारण तो कडेच्या फटीतून आत उतरतो. अरुंद पट्टी लांबीच्या दिशेने पुसून तिच्यावरून बोटाचे टोक हलकेच फिरवावे. डोळ्यांना न दिसणारा वाळलेला कण बोटाला लागतो. नंतर कोरड्या कापडाने पुसून काच पूर्ण वाळू द्यावी.

टप्पा ३ : कागद मोजणे आणि भरणे

हिशेब आधी करावा. २० कागद गुणिले २५ संच म्हणजे ५०० कागद, अर्थात बरोबर एक रीम. फसलेला नमुना आणि वाया जाणारे कागद धरले, तर एक रीम पुरणार नाही. ट्रेमध्ये किती कागद आहे याचा अंदाज पडद्यावरील चित्रावरून करू नये. ते चित्र ढोबळ असते, म्हणून ट्रे उघडून पाहावे.

उघड्या पाकिटात बरेच दिवस पडलेला कागद हवेतील ओलावा शोषतो. असा कागद गरम रोलरमधून जाताना वळतो आणि एकाला एक चिकटून दोन-दोन कागद एकदम ओढले जातात. म्हणून पाकीट कामाच्या वेळीच फोडावे आणि उरलेला कागद वेष्टनातच गुंडाळून, सपाट ठेवावा. गठ्ठा हातात धरून चारही कडांनी फुलवावा, सपाट पृष्ठभागावर आपटून कडा जुळवाव्यात आणि ट्रेमधील कमाल रेषेच्या खालीच ठेवावा. जागा दिसते म्हणून वर आणखी कागद दाबून बसवणे हे कागद अडकण्याचे सर्वांत सामान्य कारण असावे. जुन्या गठ्ठ्यावर नवा गठ्ठा ठेवण्यापूर्वी जुना बाहेर काढून दोन्ही एकत्र जुळवावेत.

बाजूच्या सरकत्या पट्ट्या कागदाला टेकतील इतक्याच जवळ आणाव्यात. सैल राहिल्या तर मजकूर तिरका छापला जातो, फार घट्ट केल्या तर कागद मधे फुगतो.

ट्रेमधील कागदाचा आकार किंवा जाडी बदलली असेल, तर तसे यंत्राच्या पडद्यावर नोंदवणे अत्यावश्यक आहे. कागदावर पडलेली पूड, म्हणजे टोनर, सुमारे १८० ते २०० अंश सेल्सियस तापलेल्या फ्यूजरमध्ये वितळून तंतूंना चिकटते. यंत्राला कागद जाड आहे हे ठाऊक नसेल, तर त्याला पुरेशी उष्णता मिळत नाही. ओळखण्याची खूण सोपी आहे : प्रतीवरून अंगठा घासला आणि अक्षर पुसले गेले, तर कागदाची नोंद चुकली आहे.

*इशारा :* इंकजेट छपाईसाठीची पारदर्शक फिल्म किंवा गुळगुळीत लेपाचा कागद या यंत्रात घालू नये. फ्यूजरच्या उष्णतेत फिल्म वितळून रोलरला गुंडाळली गेली, तर तो भागच बदलावा लागतो.

टप्पा ४ : यंत्राला सांगणे

पहिले बटण रीसेटचे. आपल्या आधी कोणी १४१ टक्के मोठी प्रत काढली असेल किंवा छपाई गडद केली असेल, तर ती निवड अजूनही तशीच असू शकते. रीसेट केल्यावर आधी मूळ प्रतीविषयी आणि मगच हव्या असलेल्या प्रतीविषयी सांगावे. ही दोन वेगळी उत्तरे आहेत आणि त्यांची गल्लत झाली, की पृष्ठे गहाळ होतात.

मूळ प्रतीविषयी : ती एका बाजूला छापलेली आहे की पाठपोट? येथे "एका बाजूला" असे राहिले, तर वीस कागदांच्या फक्त वीस पुढच्या बाजू वाचल्या जातात आणि सर्व सम पृष्ठे गळतात. काही कागद पाठपोट आणि काही एकाच बाजूला छापलेले असतील, तर सर्वच पाठपोट आहेत असे सांगावे. कोऱ्या बाजू कोऱ्याच छापल्या जातील, पण क्रम बिघडणार नाही.

मजकुराचा प्रकारही येथेच निवडावा. निव्वळ मजकुरासाठी "मजकूर", छायाचित्रे मिसळलेली असतील तर "मजकूर आणि छायाचित्र". पिवळट कागदावरील करडी छटा घालवायची असेल, तर सरसकट छपाई फिकी करू नये, कारण तिच्यासोबत पेन्सिलीच्या नोंदीही जातात. पार्श्वभूमी काढण्याची वेगळी सोय असल्यास ती वापरावी.

प्रतीविषयी : पाठपोट प्रत हवी असल्यास कागद कोणत्या कडेवर उलटायचा, हे ठरवावे. पुस्तकाप्रमाणे बाजूला उलटणाऱ्या उभ्या पानांसाठी लांब कड, भिंतीवरील दिनदर्शिकेप्रमाणे वर उलटणाऱ्या पानांसाठी आखूड कड. मागची पृष्ठे उलटी आली, तर मूळ कागद फिरवत बसू नये, फक्त ही निवड बदलावी. उभ्या अहवालात एखादे आडवे कोष्टक असेल, तर त्यासाठी निवड बदलण्याची गरज नाही. ते मूळ प्रतीत जसे आहे तसेच येते.

आकाराचे प्रमाण हिशेबाने ठरते. ए४ चे ए३ करताना १४१ टक्के, ए३ चे ए४ करताना ७१ टक्के. लीगल कागदाची उंची सुमारे ३५६ मिलिमीटर आणि ए४ ची २९७ असल्याने लीगलवरून ए४ वर येताना ८३ टक्के पुरतात. लक्षात ठेवावे की, यंत्र कागदाच्या अगदी कडेपर्यंत छापू शकत नाही, चारही बाजूंना सुमारे ४ मिलिमीटर जागा कोरी सुटते. मूळ पानावर कडेला शिक्का किंवा सही असेल, तर १०० टक्के प्रतीत ती कापली जाते. अशा वेळी ९५ टक्के करावे, आणि मोजमाप असलेला नकाशा असेल तर मात्र कधीही करू नये.

शेवटी संच जुळवण्याची निवड करावी. ती नसेल, तर पहिल्या पृष्ठाच्या पंचवीस प्रती, मग दुसऱ्याच्या पंचवीस, अशा येतील आणि पाचशे कागद हाताने लावत बसावे लागेल. संख्या मात्र अजून २५ टाकायची नाही. आता फक्त १.

टप्पा ५ : नमुना संच

मूळ कागद फीडरमध्ये ठेवण्यापूर्वी फीडरवरील चित्र पाहावे. बहुतेक नव्या यंत्रांत छापील बाजू वर असते, तर काचेवर ठेवताना ती खाली असते. फीडरच्या पट्ट्या कागदाला टेकवाव्यात आणि आता हिरवे बटण दाबावे.

आलेला एक संच पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत उलटून पाहावा. केवळ पहिले पान पाहून समाधान मानणे ही सर्वांत महागडी चूक, कारण दोन कागद एकदम ओढले जाण्याचा प्रकार मधल्या पानांतही घडतो. कागदांची संख्या टप्पा १ मध्ये लिहिलेल्या २० शी जुळली पाहिजे. त्याशिवाय मागच्या बाजूंची दिशा, कडेचे शिक्के, पेन्सिलीच्या नोंदी, आकड्यांतील दशांशचिन्हे आणि यंत्राकडूनच संच स्टेपल करून घेतले असल्यास स्टेपलचा कोपरा पाहावा. स्टेपल भलत्या कोपऱ्यात आली, तर मूळ कागद कोणत्या दिशेने ठेवले आणि यंत्राला कोणती दिशा सांगितली, याची तुलना करावी.

नमुना ठीक असेल, तर तो पहिला संच म्हणून बाजूला ठेवावा आणि पुढची संख्या २५ नव्हे, २४ टाकावी.

टप्पा ६ : मुख्य काम, आणि मधेच कागद अडकला तर

डिजिटल यंत्र मूळ पाने एकदाच वाचून स्मृतीत ठेवते आणि तेथून सर्व संच छापते. म्हणून छपाईच्या वेळी कागद अडकला, तर मूळ पाने पुन्हा ठेवण्याची गरज सहसा नसते. फीडरमध्येच मूळ कागद अडकला, तर मात्र पडदा सांगेल तितकी पाने पुन्हा ठेवावी लागतात. तेथे घाईने सर्व गठ्ठा परत ठेवल्यास पृष्ठे दुबार येतात.

अडकलेला कागद काढण्याचा क्रम असा.

१. यंत्र बंद करू नये. पडद्यावर दिसणारे दार पाहावे आणि दारे तेथील क्रमानेच उघडावीत.

२. कागद दोन्ही हातांनी, शक्यतो तो ज्या दिशेने जात होता त्याच दिशेने, सावकाश ओढावा. हिरवी किंवा निळी मूठ असेल, तर ती फिरवून कागद मोकळा करावा.

३. फाटला असेल, तर तुकडे जुळवून पूर्ण कागद बाहेर आला का ते पाहावे. आत राहिलेला बोटभर तुकडा पुढचा प्रत्येक कागद अडवतो.

४. त्या मार्गातील सर्व दारे आणि ट्रे पूर्ण लावावेत.

*इशारा :* फ्यूजरच्या जवळ हात नेऊ नये, तो भाजण्याइतका तापलेला असतो. १९५९ साली आलेल्या झेरॉक्स ९१४ या यंत्रात अडकलेला कागद पेट घेण्याची भीती इतकी खरी होती, की त्यासोबत छोटे अग्निशामक दिले जाई. आजची यंत्रे अधिक सुरक्षित असली, तरी फ्यूजर आजही तापतोच. ड्रमच्या चकचकीत पृष्ठभागालाही स्पर्श करू नये. बोटांचा तेलकटपणा आणि प्रखर प्रकाश दोन्ही त्याला बाधतात. सुरी, कात्री, पट्टी यांपैकी काहीही आत घालू नये.

एकाच जागी पुन्हा पुन्हा कागद अडकत असेल, तर आधी कागदाचा गठ्ठा बदलून पाहावा, मगच यंत्राला दोष द्यावा. अडथळ्यानंतर पूर्ण झालेला संच नेहमी वेगळा मोजावा.

टोनर कमी असल्याची पहिली सूचना म्हणजे तो संपल्याची सूचना नव्हे, तेवढ्यात काम बहुधा पुरे होते. बदलायचाच झाला, तर नवी नळी वेष्टनासकट आडवी धरून काही वेळा हलवावी आणि मग बसवावी. पूड सांडल्यास थंड पाण्याच्या ओल्या कापडाने टिपावी. गरम पाण्याने ती मऊ होऊन कपड्यात बसते, आणि साध्या व्हॅक्यूम क्लीनरच्या गाळणीतून ती परत हवेत येते. वापरलेल्या पुडीच्या डब्यातील पूड पुन्हा भरू नये.

टप्पा ७ : फीडरमध्ये न जाणारी मूळ प्रत

पुस्तक काचेवर ठेवल्यावर मधल्या खोलगट भागाची काळी सावली येते. ती घालवण्यासाठी झाकण जोराने दाबू नये, बांधणी आणि काच दोन्ही धोक्यात येतात. मध्यभाग पुसण्याची सोय वापरावी. ए४ पुस्तकाची समोरासमोरची दोन पाने मिळून ए३ होतात, म्हणून ती एका ए४ वर हवी असतील तर ७१ टक्के.

ओळखपत्र ८५.६ गुणिले ५४ मिलिमीटर असते. ते अगदी कोपऱ्याला न टेकवता काही मिलिमीटर आत ठेवावे, नाहीतर दोन कडा कापल्या जातात. दोन्ही बाजू एकाच कागदावर छापण्याची निवड करून दुसरी बाजू त्याच जागी ठेवावी.

कागद आधी स्कॅन करून त्या फाइलवरून प्रती काढायच्या असतील, तर आकडे मुळाशी ताडून पाहावेत. २०१३ साली डेव्हिड क्रीझेल या जर्मन संगणकतज्ज्ञाने दाखवून दिले, की काही झेरॉक्स वर्कसेंटर यंत्रांत स्कॅन केलेली फाइल लहान करताना एकसारखे दिसणारे तुकडे एकमेकांच्या जागी बसवले जात आणि ६ च्या जागी ८ येई, तोही अगदी स्वच्छ, सुबक. अस्पष्ट आकडा निदान संशय निर्माण करतो, सुबक चुकीचा आकडा तोही करत नाही. अक्षरे बारीक असतील, तर स्कॅनचा दर्जा उच्च ठेवावा आणि फाइल लहान करण्याचा मोह टाळावा.

टप्पा ८ : यंत्रापासून निघण्यापूर्वी

काचेचे झाकण उचलून पाहावे. शेवटची मूळ प्रत तेथे विसरणे इतके नेहमीचे आहे, की एखादा गोपनीय कागद सापडत नसेल तर शोध तेथूनच सुरू करावा. बाहेर येणाऱ्या ट्रेमध्ये आणि अडकलेला कागद काढला त्या दारांमागे अर्धवट छापलेली पाने नाहीत ना, हे पाहावे. ती टोपलीत न टाकता कागदाचे बारीक तुकडे करणाऱ्या यंत्रात (श्रेडरमध्ये) टाकावीत. यंत्रावर स्वतःचा संकेतांक टाकला असेल, तर बाहेर पडावे आणि रीसेट दाबावे.

अनेक कार्यालयीन यंत्रांत हार्ड डिस्क असते आणि वाचलेल्या पानांच्या प्रतिमा तिच्यावर लिहिल्या जातात. यंत्र विकताना, परत करताना किंवा भाड्याची मुदत संपताना ती डिस्क पुसल्याची किंवा काढून घेतल्याची लेखी नोंद जो अधिकारी यंत्र स्वाधीन करतो त्याने घ्यावी, आणि ती घेईपर्यंत यंत्र दाराबाहेर जाऊ देऊ नये.